तंजावर दोन तासांत उरकू नये



दक्षिण भारताच्या यात्रेला निघालेल्या मराठी कुटुंबाचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. मदुराई, रामेश्वर, कन्याकुमारी यांना पूर्ण दिवस मिळतो. त्रिचीला मुक्काम पडलाच, तर तेथून सुमारे साठ किलोमीटरवर असलेल्या तंजावरच्या वाट्याला दोन तास येतात. बस मंदिराच्या दाराशी थांबते, नंदीसमोर छायाचित्र निघते, वाटाड्या दोन आश्चर्ये ऐकवतो आणि मंडळी भोजनासाठी परततात. पहिले आश्चर्य असे, की शिखरावरचा घुमट ऐंशी टनांच्या एकाच अखंड शिळेचा आहे. दुसरे असे, की या शिखराची सावली जमिनीवर कधी पडत नाही.

ही दोन्ही विधाने खरी नाहीत. घुमट अनेक शिळा सांधून घडवलेला आहे. सावलीही पडते. मध्यान्ही ती रुंद पायथ्यावरच सामावते इतकेच. सकाळी वा सायंकाळी गेलेल्याला ती प्रांगणात लांबवर पसरलेली दिसते. आपल्या पूर्वजांचे कर्तृत्व थोर ठरवण्यासाठी अशा चमत्कारांची गरज का भासावी? दोनशे फुटांहून उंच असे हे विमान ग्रॅनाइटमध्ये उभे राहिले, आणि जवळपास या दगडाची खाण नाही. प्रत्येक शिळा दुरून ओढून आणावी लागली. पहिल्या राजराज चोळाने आपल्या राज्यारोहणाच्या पंचविसाव्या वर्षी, म्हणजे इ. स. १०१० मध्ये, या शिखरावर कळस चढवला. एवढे वास्तव पुरेसे आहे.

परंतु या मंदिरातील सर्वांत विलक्षण गोष्ट पाहण्यासाठी मान वर करावी लागत नाही. ती पायथ्याच्या भिंतीवर, डोळ्यांच्या पातळीवर आहे. सम्राटाने आज्ञा दिली, की आम्ही दिलेले, आमच्या थोरल्या भगिनीने दिलेले, आमच्या राण्यांनी दिलेले आणि इतरांनी दिलेले सर्व दान या पाषाणावर कोरावे. त्यानुसार सोन्याची पात्रे वजनासह, रत्ने संख्येसह आणि गावे उत्पन्नासह नोंदली गेली. भगिनीचे नाव कुंदवै. राजाच्या पाठोपाठ, राण्यांच्याही आधी तिचा उल्लेख यावा, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

याच भिंतींवर मंदिराच्या सेवेसाठी राज्यभरातून आणलेल्या चारशे नर्तकींची यादी आहे. प्रत्येकीचे नाव, ती मूळची कोणत्या मंदिराची, तिला कोणत्या रांगेतील कितवे घर मिळाले, हे सारे त्यात आहे. प्रत्येकीला वर्षाकाठी शंभर कलम भाताचा वाटा नेमून दिलेला होता. पुढे वादक, शिंपी, परीट, नापित, कुंभार, हिशेबनीस येतात. स्थपतीचेही नाव आहे : कुंजरमल्लन राजराज पेरुंदच्चन. आपल्या देशातील किती महामंदिरांच्या शिल्पकारांची नावे उपलब्ध आहेत? राजाने आपल्या नावाशेजारी परटाचे नाव कोरू दिले, ही गोष्ट सामाजिक समरसतेवर बोलणाऱ्यांनी अवश्य पाहावी. (अर्थात त्या काळात उच्चनीचता नव्हती, असा निष्कर्ष यातून कोणी काढू नये. तेथील शिलालेखांतच निरनिराळ्या जातींच्या वस्त्या वेगळ्या असल्याच्या नोंदी आहेत.)

ज्या नंदीसमोर सर्वांची छायाचित्रे निघतात, तो चोळांचा नाही. तो नायक राजवटीतील आहे. देवीचे मंदिर पांड्यकालीन, सुब्रह्मण्याचे नायककालीन, तर गणपतीच्या मंदिराचा जीर्णोद्धार मराठ्यांचा. गाभाऱ्याभोवतीच्या प्रदक्षिणामार्गात तर हे थर अक्षरशः एकावर एक आहेत. १९३१ मध्ये तेथे नायककालीन चित्रांच्या खाली दडलेली चोळकालीन भित्तिचित्रे आढळली. खालचे पाहायचे तर वरचे खरवडायचे का, असा पेच होता. पुरातत्त्व विभागाने वरचा थर अलगद सोडवून वेगळ्या फलकांवर चढवला आणि खालचा मोकळा केला. दोन्ही वाचले. तो मार्ग सर्वसामान्यांना खुला नसतो. त्याच्या वरच्या मजल्यावरील नृत्यकरणांची शिल्पेही सहसा पाहता येत नाहीत. एकशे आठ करणांपैकी एक्याऐंशी कोरून झाली आणि उरलेल्या सत्तावीस शिळा कोऱ्याच राहिल्या.

आता मराठी माणसाच्या विशेष जिव्हाळ्याचा भाग. प्राकाराच्या भिंतीवर एक प्रदीर्घ मराठी शिलालेख आहे. सरफोजीराजे दुसरे यांच्या आज्ञेने १८०३ मध्ये तेथे भोसले वंशाचा इतिहास कोरण्यात आला. मराठीतील सर्वांत मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते. मराठी यात्रेकरू त्याच्या शेजारून जातात आणि बहुसंख्यांना तो दाखवणारे कोणी नसते. शब्द जुने आहेत. पण लिपी देवनागरी आहे आणि दहा मिनिटे उभे राहिले तर ओळी लागू लागतात.

महाराष्ट्राच्या स्मरणात तंजावर आहे ते बव्हंशी भाऊबंदकीपुरते. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतले, १६७७ मध्ये दक्षिण दिग्विजयात बंधूंची भेट झाली, ती गोडीची ठरली नाही, येथे आपली कथा संपते. वास्तविक तंजावरची कथा येथे सुरू होते. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे (कारकीर्द १६८४ ते १७१२) यांच्या दरबारी मराठी, तेलुगू, संस्कृत, तमिळ या सर्व भाषा नांदत होत्या. त्यांच्या नावावरील एका नाटकात पाच भाषा आहेत. मराठी रंगभूमीचा आरंभ आपण १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांच्या ‘सीतास्वयंवरा’ने मानतो, तंजावरात मराठी नाटके त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधी लिहिली गेली. महाराष्ट्राचे कीर्तन तेथे पोहोचले आणि तमिळ हरिकथेत साकी, दिंडी हे छंद रुळले. राजे बाहेरून आले, पण प्रजेची भाषा त्यांनी पुसली नाही. स्वतःची विसरलेही नाहीत.

मंदिराचा गाभारा दुपारी बंद असतो. तो वेळ राजवाड्यासाठी ठेवावा. राजवाडा मुळात नायकांचा, वाढवला मराठ्यांनी. तेथील कलादालनात चोळकालीन कांस्यमूर्तींसमोर निदान तासभर द्यावा. शेजारीच सरस्वती महाल ग्रंथालय आहे. नायकांच्या ग्रंथसंग्रहाला सरफोजीराजांनी आज दिसणारे रूप दिले. १७९९ च्या तहाने इंग्रजांनी त्यांच्या हातून राज्यकारभार काढून घेतला. सत्ता किल्ल्यापुरती उरली. राज्य गेलेल्या राजाने ग्रंथ जमवले. १८२० मध्ये मोठ्या लवाजम्यासह काशीयात्रेला निघाले, तेव्हा वाटेतून आणि काशीतून त्यांनी पोथ्या मिळवल्या. श्वार्ट्‌झ या जर्मन मिशनऱ्याकडून ते पाश्चात्त्य विद्या शिकले, गुरू म्हणून त्याचा मान राखला, पण स्वधर्म सोडला नाही. नेत्ररुग्णांच्या सचित्र नोंदी त्यांनी ठेवल्या आणि धन्वंतरी महालात औषधांचे प्रयोग करवले. ओरत्तनाडु येथे १८०२ मध्ये त्यांनी मुक्तांबा छत्र उभारले, तेथे अन्नदानाबरोबर अध्यापनही चाले. अशा राजाला मराठी शालेय पुस्तकांत किती ओळी मिळाल्या, याचा विचार पालकांनी करावा.

१८५५ मध्ये सरफोजींचे पुत्र शिवाजीराजे निवर्तले, पुरुष वारस नाही म्हणून इंग्रजांनी उरलेसुरले संस्थानही खालसा केले. ग्रंथालय मात्र टिकले. १९१८ पासून ते सार्वजनिक आहे. प्रदर्शनाच्या दालनात पर्यटक पंधरा मिनिटे रेंगाळतो. दालनामागे हजारो पोथ्या आहेत आणि त्यांच्या जोडीला मराठा राजवटीच्या दप्तराची तेराशेहून अधिक गाठोडी. हे दप्तर मोडी लिपीत आहे. कोणत्या छत्रात किती माणसे जेवली, कोणत्या गवयाला काय बिदागी मिळाली, कालव्याच्या दुरुस्तीला काय लागले, अशा जमाखर्चांतून दोन शतकांचे कावेरीकाठचे जीवन त्यात साठलेले आहे.

हे वाचणार कोण? तंजावरला आजही मराठी बोलणारी घराणी आहेत. त्यांची बोली ऐकताना पुणेकराला प्रथम हसू येते आणि मग शिवकालीन पत्रांतील शब्द ओळखीचे वाटू लागतात. पण घरात बोली जिवंत असणे वेगळे आणि मोडी झरझर वाचता येणे वेगळे. महाराष्ट्रात शाळांतून मोडी गेली त्याला अनेक दशके लोटली. आज मोडीचे वर्ग अनेक ठिकाणी चालतात, त्यांना तरुण येतात, हे आशादायक आहे. परंतु वर्गातील सुबक कित्त्यानंतर प्रत्यक्ष दप्तरातील घाईचे वळण समोर आले की पुष्कळांचा धीर सुटतो. तो धीर वर्षानुवर्षांच्या बैठकीने येतो.

१९८१ मध्ये तंजावरात तमिळ विद्यापीठ स्थापन झाले. त्याने या मोडी कागदपत्रांतील निवडक भागाचा तमिळ अनुवाद टीपांसह १९८९ मध्ये खंडरूपाने प्रसिद्ध केला. सहलीला जाणाऱ्या मंडळींना ते खंड ग्रंथालयांत पाहता येतील. मजकूर मराठ्यांच्या दप्तरातला आहे आणि पृष्ठे तमिळ आहेत.