भीतीशेजारी बसलेली माणसं

मानसशास्त्राच्या नव्या स्नातकांनो,

आज तुमच्या हातात पदवी आहे आणि पोटात गोळा. या गोळ्याचा अभ्यास करण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, अशा काही माणसांची ओळख मी आज करून देणार आहे.

1920 साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या जॉन वॉटसन आणि त्यांची विद्यार्थिनी रोझाली रेनर यांचा प्रयोग छापून आला. वर्षाच्या आतल्या एका बाळाला त्यांनी पांढऱ्या उंदराची भीती शिकवली होती. उंदीर समोर आला की पाठीमागे लोखंडी दांड्यावर हातोडा आपटायचा. ती भीती घालवायची मात्र राहूनच गेली. मला आजही तो प्रयोग वाचवत नाही.

रेनर यांच्याबरोबर वासर कॉलेजात शिकलेल्या मेरी कव्हर जोन्स यांना उलटा प्रश्न पडला: भीती शिकवता येते, तर घालवता का येऊ नये? 1924 सालच्या त्यांच्या निबंधातला पीटर पुरता तीन वर्षांचाही नव्हता. उंदीर, ससा, फरचा कोट, कापूस, सगळ्यालाच तो घाबरायचा. जोन्सबाई त्याला रोज खेळायला आणत आणि सोबतीला सशाला न भिणारी तीन मुलं ठेवत. ससा खोलीतच असे. आधी बारा फुटांवरचा पिंजरा पीटरला चालू लागला, मग चार, मग तीन. बाईंनी अशा 17 पायऱ्या नोंदवल्या आहेत. त्या तीन मुलांनी पीटरला काही समजावलं नाही, ती नुसती खेळली. भीतीच्या प्रयोगशाळेतले पहिले सहकारी मी त्यांनाच मानते.

मध्येच पीटरला स्कार्लेट फीव्हर झाला आणि दोन महिने खंड पडला. रुग्णालयातून निघून टॅक्सीत चढताना एक मोठा कुत्रा अंगावर धावून आला. सोबतची नर्सही घाबरली. पीटरची भीती पुन्हा जागी झाली, सगळी मेहनत पाण्यात. बाईंनी पुन्हा सुरुवात केली. पीटरला उंच खुर्चीत बसवून आवडीचा खाऊ द्यायचा आणि त्याचं खाणं थांबणार नाही इतपतच पिंजरा पुढे सरकवायचा. शेवटच्या पायरीवर तो सशाला आपली बोटं कुरतडू देतो. मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पी यांनी पुढे जोन्सबाईंना वर्तनोपचाराची आई म्हटलं.

पण तो कुत्रा विसरू नका. भीती परत का येते, याचं उत्तर शोधणाऱ्यांत एक नाव मिशेल क्रास्के यांचं. त्या मूळच्या ऑस्ट्रेलियाच्या. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात चिंता आणि नैराश्यावरचं संशोधन केंद्राचं त्यांनी नेतृत्व केलं. त्यांचं म्हणणं असं, की उपचारानं जुनी भीती पुसली जात नाही. तिच्या शेजारी नवा अनुभव जाऊन बसतो आणि दोघांत झटापट चालूच राहते. म्हणून रुग्णाला आधी विचारायचं, ‘नेमकं काय घडेल असं वाटतंय?’ मग त्या प्रसंगात जायचं आणि बाहेर आल्यावर पुन्हा विचारायचं, ‘घडलं का तसं?’

2012 साली त्यांची विद्यार्थिनी कॅथरिना किरकान्स्की आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. कोळ्याला भिणारी 88 माणसं जिवंत टॅरंटुलाच्या दिशेनं एकेक पाऊल टाकत गेली. काहींना आपली भीती मोठ्यानं शब्दांत सांगायला सांगितलं होतं, काहींना मन दुसरीकडे वळवायला. आठवड्यानं पुन्हा तपासलं, तेव्हा भीती बोलून दाखवणाऱ्यांच्या तळहाताचा घाम इतरांपेक्षा कमी भरला. आपण आईवडील, शिक्षक, सगळेच ‘काही होत नाही, विचार करू नकोस’ म्हणत मुलांना गप्प करत आलो आहोत. इथे बसलेल्या पालकांनी हे जरूर ऐकावं. आणि त्या 88 जणांना विसरून कसं चालेल? प्राध्यापकांचं नाव निबंधावर येतं, पण भीतीकडे चालत गेली ती ही माणसं.

भीतीकडे चालत जायची वेळ माझ्यावरही आली होती. पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेच्या दिवशी मी दोनदा जिना चढून दोनदा खाली आले होते. एक मैत्रीण पायरीवर माझ्याशेजारी येऊन बसली. धीर वगैरे काही दिला नाही. ‘आत गेल्यावर काय होईल असं वाटतंय तुला?’ एवढंच तिनं विचारलं. मी सांगत गेले, ती ऐकत राहिली. मग शिपायानं माझं नाव पुकारलं आणि तिनं माझी पिशवी स्वतःकडे घेतली.