घरच्या घरी संपूर्ण आकाश टिपणारा कॅमेरा



२ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी महाराष्ट्रातील अनेक गावांतून लोकांनी आकाशातून जळत जाणारे तुकडे पाहिले. कोणी उल्का म्हणाले, कोणी विमान कोसळले म्हणाले. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी येथे धातूचे भले मोठे कडे पडले. ते चिनी अग्निबाणाचे अवशेष असावेत, असे जाणकारांचे मत पडले. फोनवर चित्रण पुष्कळांनी केले होते. परंतु हातात हलणाऱ्या फोनवरून ती वस्तू कोणत्या दिशेला, क्षितिजापासून किती अंशांवर होती, हे कसे काढणार? एका जागी पक्का बसवलेला कॅमेरा ते सांगू शकतो.

७ एप्रिल १९५९ रोजी तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियात प्रिब्रामजवळ उल्का पडली. तिचा मार्ग निरनिराळ्या ठिकाणच्या कॅमेऱ्यांत उमटला होता, म्हणून दगड सापडले आणि त्यांची सूर्याभोवतीची कक्षाही मांडता आली. छायाचित्रांवरून असे प्रथमच घडले. एक कॅमेरा फक्त दिशा सांगतो. दुसरा काही दशक किलोमीटर दूर असला की त्रिकोणमितीने उंची निघते. एकलहऱ्यात एक आणि मालेगावात एक, अशी जोडी का जमू नये?

आता रचना. रास्पबेरी पाय नावाचा हाताच्या तळव्याएवढा संगणक, त्याला जोडायचा कॅमेरा, माशाच्या डोळ्यासारखे रुंद दिसणारे फिश-आय भिंग, प्लास्टिकचा पाणी न शिरणारा डबा आणि वर अॅक्रिलिकचा पारदर्शक घुमट. 'ऑलस्काय' नावाची आज्ञावली विनामूल्य मिळते. ३० सेकंदांचे एक चित्र धरले, तर दहा तासांच्या रात्रीत १२०० चित्रे होतात. तारे तासाला १५ अंश सरकतात, म्हणजे ३० सेकंदांत अंशाचा आठवा भाग. १८० अंशांचे आकाश ३००० बिंदूंत मावले असेल, तर तारा जेमतेम दोन बिंदू लांबतो. हे गणित नववीतल्या मुलांकडून करवून घ्यावे. पुस्तकातल्या उदाहरणापेक्षा गोडी लागते.

हिवाळ्यात घुमटावर दव धरते. १० ओहमचे, एक वॅटचे सहा रोधक एकापुढे एक जोडून घुमटाच्या आतल्या कडेने फिरवा आणि त्यांना १२ व्होल्ट द्या. एकूण २.४ वॅट उष्णता मिळते. दवाला तेवढी बहुतेक पुरते. डब्यात सिलिका जेलची पुडी असावी. आपल्याकडे दुसरा शत्रू म्हणजे धूळ आणि वीज केंद्राची राख. घुमट मऊ ओल्या फडक्याने पुसावा. कोरडा घासला की ओरखडे पडतात आणि ते रात्री प्रत्येक दिव्याभोवती चमकतात.

जागेविषयी मात्र आग्रहाने सांगतो. उन्हाळ्यात आपल्या वस्तीत माणसे, बायकामुले, गच्चीवर झोपतात. आकाश पाहणारे भिंग शेजारची गच्चीही पाहते. म्हणून कॅमेरा कठड्याच्या कडेपेक्षा खाली बसवा. खालचे दहा-पंधरा अंश आकाश गेले तरी चालेल. तिथे दिव्यांचा उजेड आणि धूर यांखेरीज फारसे काही दिसत नाही. शिवाय बसवण्यापूर्वी शेजाऱ्यांना बोलावून चित्र दाखवा. एकदा संशय आला की कितीही विज्ञान सांगा, उपयोग नाही.

दिशा जुळवायला तारे हाताशी आहेतच. आपल्याकडे ध्रुवतारा उत्तरेला सुमारे २० अंश उंच असतो; कठडा तेवढा उंच नको. रोहिणी नकाशात अल्डेबरन म्हणून सापडेल. हे मूळ अरबी 'अद्-दबरान', म्हणजे मागून येणारा, कृत्तिकांच्या मागून. अशा नावांची यादी मुलांनी करावी, बरीच मोठी होते.

पहिली चाचणी १३ आणि १४ डिसेंबरच्या रात्री, मिथुन राशीतून येणाऱ्या उल्कावर्षावात घ्या. चंद्र तेव्हा किती मोठा आहे ते मात्र पंचांगात आधी पाहून ठेवा. जूनचा पहिला पाऊस येण्याआधी डबा उतरवून, सांध्यांना सिलिकॉनचा नवा लेप देऊनच पुन्हा वर चढवा.