आधी कागद, मग तबेला

(नरडाण्याच्या वाचनवर्गात एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



मागच्या बैठकीत तुमच्यापैकी एकाने आम्हाला विचारले, "गुरुजी, सारंगखेड्याच्या यात्रेतून घोडी आणायची म्हणतो. वावरात तिच्यासाठी तबेला बांधला, तर परवानगी लागते का?" त्यावर दुसरा बोलला, "आपल्या वावरात आपण बांधायचं, त्याला परवानगी कसली?" सगळे हसले. आम्हीही हसलो. पण त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. का लागली नाही, ते पुढे सांगतो. आज याच प्रश्नावर बोलू.

सारंगखेड्याची यात्रा तुम्हा सर्वांना माहीत आहे. तापीच्या काठी एकमुखी दत्ताचे देऊळ आहे. दत्तजयंतीला तिथे यात्रा भरते आणि घोड्यांचा मोठा बाजार भरतो. आपली माणसे घोडा घेतात तो पारखून घेतात. दात पाहतात, चाल पाहतात, अंगावरचे भोवरे पाहतात. दोन दोन दिवस पारख चालते. आणि जागेची पारख? ती कोणी करत नाही. घोडी दारात आली की मग जागा शोधायची. मग चार खांब रोवून पत्रे ठोकायचे. मग नोटीस आली की कागद शोधायचे. यालाच आपण वरातीमागून घोडे म्हणतो.

तबेला बांधण्याआधी स्वतःला दोन प्रश्न विचारा. जागा कोणाची आहे? आणि घोडा कशासाठी आहे? या दोन प्रश्नांत सगळा कायदा आला.

पहिला प्रश्न जागेचा. जागा तीन तऱ्हेची असते.

पहिली तऱ्हा गावठाणातली. घराशेजारी, अंगणात, परसात बांधायचे असेल, तर आधी ग्रामपंचायतीकडे जायचे. १९५८ सालच्या ग्रामपंचायत कायद्याच्या ५२ व्या कलमात हे सांगितले आहे. ग्रामपंचायतीच्या लेखी परवानगीवाचून बांधू नये. लेखी, हा शब्द ध्यानात ठेवा. सरपंच चहा पिता पिता 'हो' म्हणाले, ती परवानगी नव्हे.

दुसरी तऱ्हा आपल्या वावराची. त्यासाठी १९६६ सालचा महाराष्ट्र जमीन महसूल कायदा आहे. शेतकऱ्याला शेतीच्या सोयीसाठी वावरात इमारत बांधता येते, असे तो कायदा म्हणतो. अवजारे ठेवायला, खत व चारा ठेवायला, पीक साठवायला, गुरे बांधायला, घरच्या माणसांना व सालदाराला राहायला. याला कायद्यात शेत-इमारत म्हणतात. पण पुढे या कायद्यात दुरुस्ती झाली. शहरांच्या हद्दीत, हद्दीलगतच्या पट्ट्यात आणि जिथे सरकारची प्रादेशिक योजना लागू आहे तिथे, शेत-इमारतीलाही बंधने आली. कुठे किती बांधता येते, ते जमिनीच्या क्षेत्रावर ठरते. म्हणून शेजारच्या गावात जे चालले, ते आपल्याकडे चालेलच असे धरून चालू नका.

डिसेंबर २०२० मध्ये राज्यात बांधकामाची एकत्रित नियमावली लागू झाली. शेती विभागात काय काय चालते, त्याच्या यादीत पाळीव जनावरांचे तबेले आहेत. म्हणजे वावरात तबेला हे काही पाप नाही. पण 'चालते' हे एक आणि 'विचारायला नको' हे दुसरे. या दोहोंत गल्लत करू नका.

तिसरी तऱ्हा गायरानाची आणि सरकारी पडीची. तिथे बांधायचेच नाही. कोणी कितीही मोठा माणूस सांगो, नाही म्हणजे नाही. गायरान हे साऱ्या गावाचे. ते एकाच्या तबेल्याखाली गेले, तर बाकीच्यांची गुरे कुठे चरणार?

आपल्या नरडाण्याच्या बाबतीत आणखी थोडे सांगतो. आपल्याकडून मुंबई-आग्रा रस्ता जातो. सुरत-भुसावळ रेल्वे जाते. महामार्गाच्या कडेला ठराविक अंतर सोडावे लागते. रेल्वेच्या हद्दीलगत बांधायचे तर रेल्वेला विचारावे लागते. शिवाय आपल्याकडे औद्योगिक वसाहत आहे. जी जमीन त्या वसाहतीच्या क्षेत्रात घेतलेली आहे, तिथे औद्योगिक विकास महामंडळाचा नियम चालतो. तेव्हा आपला गट कुठे येतो, हे आधी पाहा.

आता दुसरा प्रश्न. घोडा कशासाठी?

कायद्यात गुरांना निवारा असे म्हटले आहे. घोडा हे गुरू आहे का? १८७१ साली कोंडवाड्याचा कायदा झाला. त्यात घोडा, घोडी, शिंगरू, खेचर, गाढव ही सगळी गुरांतच धरली होती. पण तो कायदा कोंडवाड्यापुरता. शेत-इमारतीसाठी पाहायचे ते असे, की ती इमारत त्या शेतीशी जोडलेली आहे का? घोडा तुमच्या शेतीच्या कामाचा असेल, तर एक गोष्ट. तोच घोडा वरातीला भाड्याने द्यायचा असेल, यात्रेत शर्यतीला न्यायचा असेल, किंवा पैसे घेऊन लोकांना बसायला शिकवायचे असेल, तर दुसरी गोष्ट. तो धंदा झाला. पत्रे तेच, खांब तेच, पण हेतू बदलला की कागद बदलतो.

हे आपल्याकडेच आहे असे नाही. विलायतेत १९४७ साली जमिनीच्या वापराचा मोठा कायदा झाला. तिथेही घोडा नुसता कुरणात चरत असेल, तर ती शेती मानतात. पण हौसेचे घोडे ठेवायला तबेला बांधायचा म्हटले, की परवानगी लागते. तिथले शेतकरीही कपाळाला आठ्या घालतात आणि अर्ज भरतात.

तुम्ही म्हणाल, हा सगळा जाच कशाला? पण थोडा विचार करा. एका मोठ्या घोड्याची लीद रोज १५ ते २० किलो पडते. चार घोडे असले की महिन्याचा केवढा ढीग झाला! तो ढीग शेजाऱ्याच्या विहिरीजवळ पडला, तर पावसाचे पाणी लीद घेऊन विहिरीत उतरणार. माशा होणार. मग भांडण होणार आणि ते कोर्टापर्यंत जाणार. परवानगी घेताना जागा, अंतर, पाण्याची वाट हे आधीच पाहिले जाते. तबेला नीट बांधायचा तर एका घोड्याला १२ फूट लांब आणि १२ फूट रुंद जागा सोडा. वारा खेळू द्या. आणि लीद टाकायचा खड्डा विहिरीपासून लांब ठेवा.

आता आम्हाला झोप का लागली नाही, ते सांगतो.

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आम्ही तेव्हा दुसऱ्या गावी शाळेवर होतो. गावाचे नाव सांगत नाही. तिथे एक घोडीवाले होते. आम्ही त्यांना भाऊ म्हणत असू. त्यांच्या दोन घोड्या. लग्नसराईत नवरदेव मिरवायचे, एरवी मजुरी करायची. घोड्या पावसात भिजत, म्हणून भाऊंनी गावाबाहेर गायरानात जागा पाहिली. कोणा वजनदार माणसाने सांगितले, "बांध रे, कोण विचारतं?" एवढ्या शब्दावर भाऊंनी तबेला बांधला. विटा उधार आणल्या. पत्र्यांसाठी घरातल्या बाईची पोत गहाण पडली.

एके दिवशी भाऊ शाळेत आले. हातात घडी केलेला कागद होता. म्हणाले, "गुरुजी, हाऊ कागद देखा बरं. काय लिखेल शे?"

परीक्षेचे दिवस होते. टेबलावर निकालपत्रके पसरलेली. आम्ही कागद घेतला. उघडलासुद्धा नाही. हजेरीपटात ठेवला आणि म्हणालो, "रविवारी या भाऊ, निवांत वाचू."

"बरं गुरुजी," म्हणून भाऊ गेले. रविवारी आम्हाला धुळ्याला जावे लागले. भाऊ आले आणि दाराचे कुलूप पाहून परत गेले. पुन्हा ते आले नाहीत. गुरुजींना दोनदा कसे विचारायचे, ही त्यांची भीड. आणि आम्ही? आम्ही विसरलो.

त्या कागदात लिहिले होते, अमुक तारखेच्या आत बांधकाम काढून घ्या, नाहीतर आपले म्हणणे मांडा. ती तारीख आमच्या हजेरीपटात पडल्या पडल्या उलटून गेली. आम्ही कागद वाचला, तेव्हा तबेला पडून चार दिवस झाले होते. पत्रे वाकले होते. विटांचा चुरा झाला होता. तो पावसाळा दोन्ही घोड्यांनी निंबाखाली काढला. दिवाळीच्या आधी एक घोडी विकावी लागली. ती पोत काही सुटली नाही.

कागद वेळेवर वाचला असता, तर तबेला वाचला असता का? खरे सांगतो, नाही. जागा गायरानाची होती. पण पत्रे तरी उतरवून घेता आले असते. विटा काढता आल्या असत्या. चार दिवसांची मुदत मागता आली असती. भाऊंनी आम्हाला एका शब्दाने दोष दिला नाही. त्याचेच जास्त वाईट वाटते.

आता काळ बदलला आहे. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पंजाबातल्या एका गावच्या तळ्याच्या खटल्यात निकाल दिला. गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणे काढण्यासाठी सर्व राज्यांनी योजना करावी, असे त्यात सांगितले. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारनेही तसा निर्णय काढला. म्हणजे गायरानावरचे बांधकाम आज ना उद्या जाणार, हे धरून चाला.

दुसरीही बाजू आहे. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी याच न्यायालयाने सांगितले, की बांधकाम पाडण्याआधी नोटीस द्यावी आणि उत्तर द्यायला निदान १५ दिवस द्यावेत. रस्ता, रेल्वेची कड, नदी-तळे अशा सार्वजनिक जागेवरच्या बांधकामाला मात्र ही सवलत नाही. हे १५ दिवस कोणाच्या कामाचे? ज्याच्या घरात कागद वाचणारे माणूस आहे, त्याच्या कामाचे.

भाऊ आता हयात नाहीत. पण त्यांची सून अशाच एका वर्गात वाचायला शिकली. काही वर्षांनी त्यांनी आपल्याच वावरात तबेला बांधायचे ठरवले. अर्ज लिहायला ती आमच्याकडे आली. आम्ही मोठ्या उमेदीने अर्ज लिहिला. मनात होते, जुने देणे थोडे फिटेल. तिने अर्ज हातात घेतला. सातबारा शेजारी ठेवला. एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचू लागली. मग म्हणाली, "गुरुजी, रागवू नका. सातबाऱ्यावर गट ११४ आहे. अर्जात १४१ लिहिलंय."

चूक आमची होती! दुसऱ्याच्या गटाचा अर्ज गेला असता. आम्ही कान पकडले आणि नवा अर्ज लिहिला. परवानगी काही लगेच आली नाही. घोड्या भाड्याच्या, म्हणून जास्तीचे कागद मागितले. तिने बऱ्याच खेपा घातल्या. पण कागद हाती आल्यावरच तिने पहिला खांब रोवला.

त्या दिवशी आम्हाला एक गोष्ट कळली. दुसऱ्याचा कागद आपण वाचून द्यावा, हे चांगलेच. पण ज्याचा कागद त्याने स्वतः वाचावा, हे त्याहून चांगले. गुरुजीही विसरतात आणि गुरुजीही चुकतात.

आता अर्ज कसा लिहायचा, ते पाहू. हा नमुना वहीत उतरवून घ्या.

प्रति,
मा. तहसीलदार साहेब, तालुका ........
विषय : शेतात तबेला बांधण्याबाबत
महोदय,
मौजे ........ येथील गट नंबर ........ ही जमीन माझ्या नावे आहे. तिच्यात मला ........ फूट लांब व ........ फूट रुंद तबेला बांधायचा आहे. त्यात ........ घोडे ठेवणार आहे. घोडे शेतीच्या कामासाठी / भाड्याने देण्यासाठी आहेत. या बांधकामाला कोणती परवानगी लागते, ती कोण देते आणि कोणते कागद जोडावेत, हे लेखी कळवावे, ही विनंती.
सोबत : सातबारा उतारा, आठ-अ उतारा, जागेचा कच्चा नकाशा.
तारीख ........ सही ........

'शेतीच्या कामासाठी / भाड्याने देण्यासाठी' यांतले जे खरे असेल तेवढेच ठेवा. भाड्याची घोडी शेतीची म्हणून लिहू नका. खोट्या कागदापेक्षा कोरा कागद बरा.

ध्यानात ठेवा :

१. आधी जागा पाहा, मग परवानगी घ्या, मग बांधा. घोडी शेवटी आणा.
२. गावठाणात ग्रामपंचायत. वावरात तहसील कचेरी. गायरानात बांधायचेच नाही.
३. तोंडी 'हो' वर एक वीटही रचू नका.
४. अर्जाच्या दोन प्रती करा. एकीवर शिक्का, सही आणि तारीख घ्या. ती आपली पोच. ती जपून ठेवा.
५. नियम बदलतात. म्हणून बांधायच्या वर्षी नव्याने विचारा. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. नाव बदलले, तरी विचारायचे ठिकाण तेच.
६. नोटीस आली, तर त्याच दिवशी वाचा. तारखेवर खूण करा. उत्तर लेखी द्या.

आणि आजचा घरचा अभ्यास असा. घरी गेल्यावर आपला सातबारा काढा. गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ मिळून सातबारा होतो. त्यावरचे नाव वाचा. गट नंबर वाचा. क्षेत्र वाचा. घरच्यांना ऐकू जाईल असे मोठ्याने वाचा. अडले तर उद्या वर्गात घेऊन या. उद्याच या. रविवारची वाट पाहू नका.