उचलीच्या आधी शाळेची सभा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी मंडळातल्या एकीने दोन शब्द बोलावेत असा आपला रिवाज आहे. यंदा ती पाळी माझ्यावर आली. मी सातवीपर्यंत शिकलेली, घर सांभाळणारी बाई. व्याख्यान देणे मला येत नाही. पण गेली दोन वर्षे मी शाळेच्या व्यवस्थापन समितीत बसते आहे. या समितीत चारांत तिघे पालक असावेत आणि एकंदरीत निम्म्या बायका असाव्यात असा 2009 चा कायदाच आहे, म्हणून तर मला कोणी बोलावले! तेव्हा शाळेचे वर्ष संपताना काय होते, आणि पुढच्या वर्षाची तजवीज केव्हा करावी, एवढेच आज सांगणार आहे.

माझी नणंद पुण्याला असते. तिची नात सिस्टरांच्या प्राथमिक शाळेत आहे. कॅथलिक ख्रिस्ती लोकांची शाळा. मध्यंतरी मार्चअखेर मी तिच्याकडे गेले होते, तेव्हा मुलीच्या दप्तरातून एक छापील कागद निघाला. इंग्रजीत होता, भाचीने वाचून दाखविला. परीक्षा कधी संपते, निकाल कोणत्या दिवशी, जूनमध्ये शाळा कोणत्या वारी उघडते, कोणत्या सिस्टरची बदली झाली, पुढच्या वर्गाला कोण शिकविणार, कोणती पुस्तके आणावी आणि कोणती शाळेतच मिळतील, असे सगळे त्यात होते. शेवटी, वर्ष नीट पार पडले म्हणून देवाचे आभार मानण्याची प्रार्थना आहे, कोणत्याही धर्माचे असाल तरी या, असे आमंत्रण.

मला हेवा वाटला. शाळेचा नव्हे, त्या कागदाचा. नणंद म्हणाली, "फी भरतो आम्ही, म्हणून कागद येतो." मला ते पटले नाही. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेला फी नाही हे खरे, परंतु मूल तर तेवढेच मूल आहे. आपल्याही घरी असा कागद यावा असे मनात धरून मी परत आले, आणि गुरुजींपाशी बसून तो लिहू लागले, तेव्हा ध्यानात आले की पुण्याचा कागद आपल्या कामाचा नाही. आपले वर्षच निराळे आहे.

सरकारी कागदावर आपल्या शाळेचे वर्ष जूनच्या मध्यावर सुरू होते आणि 1 मे रोजी, महाराष्ट्र दिनाच्या झेंड्याखाली निकाल वाचून संपते. प्रत्यक्षात ते दिवाळीला तुटते. फराळाचे डबे रिकामे होतात न होतात तो टोळ्यांच्या गाड्या येतात. सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, कोणी थेट कर्नाटकात बेळगावकडे. नवरा-बायको मिळून एक कोयता, कोयत्यामागे पोरे. कोंबड्या, चूल, पीठ, तान्हे मूल, सगळे त्या गाडीत. आपल्या शाळेच्या पटावर 47 मुले आहेत. दोन सालांपूर्वी दिवाळीनंतर वर्गात 26 उरली होती. बाकीची परत आली ती चैत्रात, पाडव्याच्या मागेपुढे, परीक्षेच्या तोंडावर. म्हणजे इतर गावांत ज्या दिवसांत शाळेचा निरोप असतो, त्या दिवसांत आपल्याकडे मुले नव्याने ओळख करून घेत असतात. बाईंनी मागे सांगितले होते की पहिलीतले एक मूल एप्रिलमध्ये आले आणि दारातच उभे राहिले. आपला वर्ग कोणता तेच त्याला आठवेना.

सरकारने यावर काही केले नाही असे म्हणणे खोटे होईल. हंगामी वसतिगृह आहे. नाव वसतिगृह, पण मूल आपल्याच घरी आजी-आजोबांपाशी राहते; सकाळ-संध्याकाळचे जेवण शाळेत मिळते, दुपारी पोषण आहाराची खिचडी असतेच. ज्यांना मूल बरोबर न्यावेच लागते त्यांच्यासाठी शिक्षण हमी कार्ड आहे. ते दाखविले की कारखान्याच्या गावच्या शाळेने मुलाला बसवून घ्यायचे. दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत. वसतिगृहाची मंजुरी आधी आणि पैसे मागून, असे आपल्याकडे दोनदा झाले, तेव्हा किराणा उधारीवर आणावा लागला. त्यासाठी मंडळाने घरटी एक पायली ज्वारी जमविली हे तुम्ही जाणताच. असो.

माझे म्हणणे पैशाचे नाही, वेळेचे आहे. वसतिगृहात राहणाऱ्या मुलांची यादी दसऱ्याच्या सुमारास होते. गुरुजी घरोघर जातात, पालकांना समजावितात. पण तोवर उशीर झालेला असतो. का? उचल केव्हा घेतली जाते ते आठवा. पेरणीला पैसा लागतो, पोरांना कपडे लागतात, कोणाच्या घरी लग्नाचे देणे असते. मृग लागला की मुकादम दारात येतो. त्या दिवशी ओसरीवर पैसे मोजताना घरातली माणसेही मोजली जातात. कोयता तोडायला, मोळ्या बांधायला दोघे. मग कोपीवर स्वयंपाक कोण करील, तान्ह्याला कोण धरील, बैलांना वाढे कोण टाकील? दहा-अकरा वर्षांच्या पोरीचे नाव तिथेच घेतले जाते. कागदावर लिहीत नाहीत, पण ठरते. तीन महिन्यांनी गुरुजी समजवायला गेले तर आई बिचारी काय म्हणणार?

म्हणून सभा घ्यायची तर ती मे महिन्यात. तेव्हा सगळी माणसे गावात असतात, मागची उचल फिटली की अंगावर राहिली ते कळलेले असते, आणि नवीन उचल अजून घ्यायची असते. वर्षात एवढा एकच महिना आपल्या हातात आहे.

मागल्या मेमध्ये आपण सहाजणी तीन संध्याकाळी घरोघर फिरलो. जी घरे हंगामाला जातात तिथे बसलो. मी वही धरली होती. मला वाटले होते की जेवणाची अडचण सांगतील. एका आजीने वेगळेच सांगितले. म्हणाली, "भाकरीचं काय न्हाई बाई, साळंत मिळती. रातीचं भ्याव वाटतंय. पोरगी थोराड झाली. मला दिसत न्हाई, ऐकू येत न्हाई. काही झालं तर लेकाला काय तोंड दावू?" त्यानंतर प्रत्येक घरी आम्ही रात्रीचेच विचारले, आणि जवळजवळ सगळ्यांनी तेच सांगितले. सरकारी तक्त्यात जेवणाचे रकाने आहेत, रात्रीचा नाही.

मग आपण काय केले ते तुम्हाला ठाऊक आहे, पण स्मरणिकेत छापले जावे म्हणून सांगते. चौथी-पाचवीच्या सात मुली हंगामाला जायच्या होत्या. त्यांच्या आयांशी उचलीच्या आधी बोलणे झाले. पाच आया तयार झाल्या. त्या पाच मुली दोन घरांत मिळून झोपत. आजी त्यांच्या त्यांच्याच, शिवाय मंडळातली एकजण पाळीने सोबतीला. सहा महिने हे चालले. थंडीत पाळी चुकविण्यासाठी कोणाकोणाची कंबर दुखली तेही मला माहीत आहे, पण नावे घेत नाही. पाचही मुली यंदाच्या परीक्षेला पहिल्या दिवसापासून बसल्या.

दोघी गेल्या. त्यातली एक फाल्गुनातच परत आली. दुसरीची गोष्ट सांगते, नाव सांगत नाही. तिने हमी कार्ड नेले होते. टोळी पडली कर्नाटकात. तिथल्या शाळेत सगळे कानडी. चार दिवस बसली, मग कोपीवर भावाला सांभाळीत राहिली. या पाडव्यानंतर परत आली आणि पाचवीच्या परीक्षेला बसली. आता पूर्वीसारखे नाही. 2023-24 पासून पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा पास व्हावी लागते. नापास झाले तर जूनमध्ये पुन्हा एकदा परीक्षा देता येते, त्यातही राहिले तर मूल त्याच वर्गात. नियम चुकीचा असे मी म्हणत नाही, त्यामुळे शिकविणाऱ्यांवरही जबाबदारी येते. पण ज्या मुलीने सहा महिने फळा पाहिला नाही तिला तो नियम एकटीला सोसावा लागतो. तिची आई मला नदीवर भेटली, म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आता, नापासच हुईल. पुढं कशाला?" आम्ही आईला अजून होकार द्यायला लावला नाही. निकाल 1 मे रोजी आहे. काही लागला तरी दुसऱ्या दिवसापासून ती मुलगी दुपारी माझ्याकडे बसणार आहे. भागाकार आणि वाचन मी घेईन, इंग्रजी शाळेच्या बाई घेतील. सुटीतही येईन असे त्यांनी आपण होऊन सांगितले आहे.

इतका जीव मी का टाकते, असे एक-दोघींनी विचारले. माझे माहेर वडवणी तालुक्यातले. आई-वडील कारखान्यावर जात, मी आजीपाशी राहून सातवी झाले. त्याच उन्हाळ्यात आजी वारली. दिवाळीनंतर गावात माझ्यासाठी घरच उरले नाही. आठवीचे दप्तर खुंटीला ठेवून मी गाडीत बसले, आणि दोन हंगामांनी लग्न झाले. कोणी वाईट वागले नाही. सोय नव्हती, एवढेच. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या 100 बायकांपैकी सुमारे 44 जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. तो आकडा मी वाचला तेव्हा मला नवल वाटले नाही.

आता पुढच्या वर्षाचे थोडक्यात सांगते. जूनमध्ये पहिलीच्या मुलांचा पूर्वतयारीचा मेळावा होईल. 'पहिले पाऊल' म्हणून हा 2022 पासून चालू आहे, आणि त्यात माता-गटाचे काम मोठे आहे. ज्यांचे मूल 31 डिसेंबरपर्यंत सहा वर्षांचे होते त्यांनी जन्माचा दाखला आताच शोधून ठेवावा. गुरुजींची बदली होईल की नाही ते अद्याप कळलेले नाही. पटावर साठपर्यंत मुले असली तर पहिली ते पाचवीला दोन शिक्षक मिळतात, तेव्हा गेले तर दुसरे यावेत म्हणून समितीने आत्ताच अर्ज लिहिला आहे.

पाचवीनंतर पलीकडच्या गावी जायचे. मुलींना एसटीचा पास फुकट आहे, पण सकाळची गाडी शाळा भरल्यावर येते. फुकट पास घेऊन फाट्यावर उभे राहण्यात काय अर्थ? वेळ बदलावी म्हणून अर्जावर सगळ्यांनी सह्या कराव्यात. मोठ्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींची सरकारी वसतिगृहे 2021 साली मंजूर झाली, 41 तालुक्यांत मिळून 82. आपल्या जवळच्या ठिकाणी किती जागा आहेत, मुलींना केव्हा घेतात, याची चौकशी अध्यक्षीणबाई व मी तालुक्याला जाऊन करणार आहोत.

आणि तो कागद. तो आम्ही लिहिला आहे. गुरुजींनी शुद्धलेखन पाहिले. निकाल, सुटी, शाळा उघडण्याचा दिवस, वसतिगृहाची नावनोंदणी आणि रात्रीच्या सोबतीची दोन घरे, एवढे त्यात आहे. निकालाच्या दिवशी प्रत्येक मुलाबरोबर घरी येईल. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी मुलांकडूनच वाचून घ्यावा, तेवढाच सराव.

सभा 10 मे रोजी रात्री, जेवणे आटोपल्यावर. मारुतीच्या पारावर नाही, शाळेत, कारण पारावर आपण बसत नाही आणि न बसता बोलणे होत नाही. पुरुषांनीही यायचे आहे. उचलीवर अंगठा तेच लावतात. घरातल्या म्हाताऱ्यांना हाताला धरून आणा, त्यांचे सगळ्यांत आधी ऐकायचे आहे. शाळेची किल्ली गुरुजींनी माझ्यापाशी दिली आहे. सतरंज्या मंडळाच्या आहेत, त्यातल्या दोन उसवल्या आहेत; ज्यांच्याकडे शिलाई मशीन आहे त्यांनी त्या जाताना घेऊन जाव्यात.