हे चार कोणी मिळवायचे?

आजचा विषय आहे रिस्क-फाइव्ह प्रोसेसरचा एम्युलेटर लिहिताना सिस्टीम कॉल कसा हाताळायचा. माझ्या यात दोन रात्री गेल्या. तुमच्या वाचाव्यात म्हणून सांगतो.

प्रोग्रामला स्क्रीनवर काही छापायचं असेल तर तो कर्नलला हाक मारतो. ही हाक म्हणजे 'ईकॉल' इन्स्ट्रक्शन. ती आली की प्रोसेसर एमकॉज रजिस्टरमध्ये कारण लिहितो, यूजर मोडमधून आली तर ८. एमईपीसीमध्ये ईकॉलचा पत्ता ठेवतो. मग मशीन मोडमध्ये जाऊन एमटीव्हेकमधल्या पत्त्यावर उडी मारतो.

नीट ऐका हं, ईकॉलचा स्वतःचा पत्ता. पुढच्या इन्स्ट्रक्शनचा नाही! एक्स-८६ च्या 'सिसकॉल'मध्ये पुढचा पत्ता ठेवला जातो. तीच सवय डोक्यात, म्हणून मी एम्युलेटरमध्ये पत्ता अधिक ४ ठेवला. माझ्या छोट्या कर्नलनेही परतताना नियमाप्रमाणे ४ मिळवले. झाले ८!

टेस्ट प्रोग्राम ५ वेळा 'नमस्कार' छापणार होता. ईकॉलच्या लगेच पुढे मोजणी एकने कमी करणारी इन्स्ट्रक्शन होती. नेमकी तीच गाळली गेली. नमस्कार काही थांबेचना! मी रात्रभर ब्रँचचा कोड तपासत बसलो. त्यात काहीच चूक नव्हती.

मग मी शहाणपणा केला, कर्नलमधले ४ काढून टाकले. बरोब्बर ५ नमस्कार. काम फत्ते! दुसऱ्या रात्री तोच कर्नल क्यूईएमयूवर चालवला, तर नमस्कार पुन्हा थांबेचना. तिथे एमईपीसीत ईकॉलचाच पत्ता, आणि तो पुढे सरकवणारं कोणी नाही. म्हणून तोच ईकॉल परत परत. म्हणजे माझ्या दोन चुका एकमेकींना झाकत होत्या.

नियम असा का? पेज फॉल्ट आला तर पान मेमरीत आणून तीच इन्स्ट्रक्शन पुन्हा चालवायची असते. सिस्टीम कॉलनंतर मात्र पुढे जायचं असतं. काय करायचं ते कर्नल ठरवतो. हार्डवेअर फक्त कुठे थांबलो ते सांगतं.

म्हणून, एम्युलेटर हार्डवेअरची भूमिका करत असेल तर त्याने ४ मिळवू नयेत. पण कर्नलच नसेल, आणि सिस्टीम कॉलचं काम एम्युलेटरच उरकत असेल, तर ४ त्यानेच मिळवायचे. आणि आपला कर्नल आपल्याच एम्युलेटरवर चालला म्हणून खूश होऊ नका. एकदा दुसरीकडेही चालवून बघा.

चला, भेटू पुढच्या भागात!