जयंतीआड झाकलेला कायदा

पाटण तालुक्याने महाराष्ट्राला दिलेल्या नेत्यांची नावे साहित्य संमेलनांच्या व्यासपीठांवरून नेहमीच अभिमानाने घेतली जातात. परंतु त्यांपैकी अण्णासाहेब पाटील यांच्या वारशाशी या तालुक्याने आणि मराठी लेखणीनेही केलेला व्यवहार प्रामाणिक नाही, हे या सभेला ऐकवणे अध्यक्षपदाचे कर्तव्यच ठरते.

मंद्रुळकोळे येथे 1933 मध्ये जन्मलेले अण्णासाहेब, डोंगरउतारावरच्या तुटपुंज्या शेतीने ज्यांना मुंबईची वाट धरायला लावली त्या असंख्य पाटणकरांपैकी एक होते. तेथील दारूखाना भागात हमाली करतानाच त्यांनी माथाड्यांची, म्हणजे डोक्यावर व पाठीवर ओझी वाहणाऱ्या मजुरांची, संघटना बांधली. या मजुराला मालक अनेक असत आणि म्हणूनच त्याच्या अपघाताची व म्हातारपणाची जबाबदारी कोणावरच नसे. ही कोंडी 1969 च्या माथाडी कायद्याने फोडली. शासन, मालक व कामगार यांच्या प्रतिनिधींच्या मंडळाकडे मालकाने मजुरीसोबत लेव्ही, म्हणजे मजुरीवरील ठरावीक टक्क्यांची रक्कम, भरायची आणि तिच्यातून मंडळाने भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बोनस व भरपगारी रजा द्यायची, अशी ही व्यवस्था असल्याने कायम मालक नसलेल्या मजुरालाही कायम हक्क मिळाले, आणि ते देताना त्याची जात विचारली गेली नाही.

असे असता अण्णासाहेबांची ओळख केवळ मराठा जातीचे हुतात्मे एवढीच उरवली गेली. विधान परिषदेचे काँग्रेस सदस्य असूनही 22 मार्च 1982 रोजी त्यांनी आपल्याच पक्षाच्या सरकारवर मोर्चा नेला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचे जीवन संपवले, हे खरेच. पण त्या मोर्चाची मागणी आर्थिक निकषावरील आरक्षणाची होती, म्हणजे तिच्या मुळाशीही पोटाचाच प्रश्न होता. त्यांच्या नावे 1998 मध्ये स्थापन झालेले महामंडळ तरुणांच्या उद्योगकर्जावरील व्याजाचा परतावा देते, आणि ते उपयुक्तही आहे. तथापि उद्योजक घडवणाऱ्या योजनेला हमालाच्या नेत्याचे नाव देऊन हमालाच्या कायद्याचे ऋण फिटत नाही.

माथाडीच्या नावाखाली खंडणी उकळली जाते, हा उद्योजकांचा आक्षेप सर्वस्वी निराधार नाही. मात्र खंडणीखोरासाठी फौजदारी कायदा असताना 2023 च्या दुरुस्ती विधेयकाने ‘असंरक्षित कामगार’ ही व्याख्याच आक्रसावी, हे चोराला सोडून संन्याशाला सुळी देण्यासारखे होते. माथाडी संघटनांनी त्याला विरोध केला. येथील साहित्यसंस्थांनी मात्र ब्रही काढला नाही.

गिरणी कामगाराला नारायण सुर्वे यांच्यासारखा कवी लाभला. माथाड्याच्या वाट्याला त्या तोलाचे साहित्य आले नाही, आणि याचा पहिला जाब पाटणच्या लेखकांनाच द्यावा लागेल. तालुक्यातील ढेबेवाडी खोऱ्यात परतलेले वृद्ध माथाडी हयात आहेत तोवर त्यांच्या टोळ्यांचा, संपांचा व मजुरीच्या हिशेबांचा इतिहास नोंदवून घेणे, हा या संमेलनाचा पहिला ठराव असला पाहिजे. आणि ज्यांना हे काम हलके वाटते, त्यांनी येत्या 25 सप्टेंबरच्या जयंतीला हार घेऊन येऊ नये.