कुंडीतला पूर

जुलै महिना लागला की कसबा बावड्यात सकाळी सकाळी एकच चौकशी सुरू होते, ‘राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आलंय?’ 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 फूट म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. पण मंडळी, याच बावड्यात टीव्हीशेजारी ठेवलेल्या कुंडीत बारा महिने पूर आलेला असतो, त्याची चौकशी कुणी करत नाही.

आमच्या शेजारच्या काकींचं सांगतो. त्यांचं जुनं कौलारू घर होतं. परसात जास्वंद, कर्दळ, गवती चहा, सगळं न सांगता वाढायचं. घर जुनं झालं, मुलांनी फ्लॅट घेतला आणि काकी तिसऱ्या मजल्यावर आल्या. करमेना, म्हणून त्यांनी वर्षभरात चार झाडं आणली. चारही गेली. एक दिवस मला म्हणाल्या, ‘‘भाऊ, आता माझ्या हाताला यशच राहिलं नाही बघा.’’ आयुष्यभर परस फुलवलेल्या बाईनं असं म्हणावं, हे काही मला बरं वाटलं नाही. मी कुंडीत बोट घालून पाहिलं. खाली नुसता चिखल!

दोष हाताचा नव्हता, सवयीचा होता. काकी रोज देवपूजा झाली की तुळशीला घालतात तसं प्रत्येक झाडाला तांब्याभर पाणी घालत होत्या. परसात जास्तीचं पाणी जमिनीत मुरून जातं. कुंडीत ते जाणार कुठे? मुळांनाही हवा लागते. मातीच्या कणांमधली हवेची जागा पाण्यानं भरली की मुळं गुदमरतात आणि कुजतात. गंमत अशी, की मुळं कुजली की पानं माना टाकतात, अगदी तहानल्यासारखी. मग आपण आणखी एक तांब्या ओततो!

तेव्हा पहिला नियम असा, की वार बघून पाणी घालायचं नाही. बोट दोन पेरं मातीत घाला. ओलं लागलं तर परत या. पावसाळ्यात घरातल्या कुंडीला पंधरा पंधरा दिवस पाणी लागत नाही. एप्रिलमध्ये आठवड्यालाच लागेल. कुंडीच्या बुडाला भोक हवंच. रंगाची रिकामी बादली वापरायलाही हरकत नाही, पण तापवलेल्या सळईनं चार-पाच भोकं पाडून घ्या.

माती कोणती? आपल्याकडे नदीकाठची गाळाची माती आणायचा मोह होतो. ऊस तिच्यात झकास येतो, पण कुंडीत तीच माती दगडासारखी घट्ट बसते. लाल माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि कोकोपीट किंवा जाड वाळू असं भुसभुशीत मिश्रण करा. चहाचा चोथा दूध-साखरेसकट टाकू नका. झाडाला नव्हे, मुंग्यांना आमंत्रण होतं ते.

आता झाडं कोणती घ्यावीत? पहिल्यांदा तीनच घ्या. मनी प्लांट, स्नेक प्लांट आणि झेडझेड. झेडझेड मूळचं पूर्व आफ्रिकेतलं. मातीखाली बटाट्यासारखे कंद असतात, त्यांत ते पाणी साठवून ठेवतं. महिनाभर गावाला जाऊन आलात तरी तक्रार नाही. स्नेक प्लांटही तसाच सोशिक. तुळस मात्र हॉलमध्ये ठेवू नका. तिला ऊन हवं. ट्यूबलाइटच्या उजेडावर ती किडकिडीत होऊन जाते.

मनी प्लांट चोरूनच आणावा म्हणतात. मी म्हणतो, मागून आणा, तोही लागतो! उसाची कांडी लावलेल्या माणसाला तर हे शिकवायलाच नको. कांडीला डोळा हवा, तसं मनी प्लांटच्या तुकड्याला पेर हवं. पेराजवळ तपकिरी फुगवटा दिसतो, मूळ तिथूनच फुटतं. नुसतं पान देठासकट बाटलीत ठेवलं तर ते हिरवं राहतं, क्वचित मुळंही धरतं, पण त्याचा वेल होत नाही.

बाटलीवरून एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. डेंगीचा डास घाण गटारात नव्हे, अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एकदा बाटली रिकामी करा, आतून घासा, नवं पाणी भरा. कुंडीखालच्या ताटलीचंही तेच. पावसाळ्यात गल्लीत एकाला ताप आला की आपण नगरपालिकेला नावं ठेवतो, आणि डास निघतो आपल्याच शोकेसमधून.

घरात रांगतं मूल असेल तर आणखी एक काळजी. मनी प्लांट, झेडझेड आणि ठिपक्यांच्या मोठ्या पानांचं डिफेनबेकिया ही सगळी अळूच्या कुळातली. कच्चा अळू घशाला खाजतो ना, त्याच सुईसारख्या स्फटिकांमुळे यांचं पान चावलं की तोंडाची आग होते. ही झाडं उंचावर ठेवा. खाली ठेवायचं तर स्पायडर प्लांट बरा.

‘झाडांनी घरातली हवा शुद्ध होते’ असं सांगून हल्ली महाग झाडं विकली जातात. ही समजूत 1989 साली ‘नासा’नं केलेल्या प्रयोगांवरून पसरली. ते प्रयोग बंद पेटीत केलेले होते. 2019 साली संशोधकांनी अशा अनेक प्रयोगांचा हिशेब पुन्हा मांडला. खिडकीतून हवा जितकी बदलते तितका परिणाम साधायला दर चौरस मीटरला किमान दहा झाडं लागतील, कदाचित हजारसुद्धा! मग पलंग कुठे टाकायचा? हवेसाठी खिडकी उघडा, झाड आवडतं म्हणून ठेवा.

काकींनी पाचवं झाड आणलं ते झेडझेड. सुरुवातीला त्यांना पाणी न घालणं फार जड गेलं. पूजेनंतर तांब्या हातातच असायचा. मग त्यांनीच युक्ती काढली. उरलेल्या पाण्यात फडकं बुडवून, पिळून, रोज एका झाडाची पानं पुसायची. धूळ निघते, पानं श्वास घेतात आणि हातालाही काम मिळतं. गेल्या महिन्यात मातीतून नवा कोंब वर आला. तो दाखवायला त्यांनी मला जिन्यातूनच हाक मारली.